टर्बोचा बोभाटा

गाडीला टर्बो आहे हे लोकांना आपणहून कळत नाही, हा टर्बोचा सगळ्यात मोठा दोष. नवे टायर दिसतात, नवा रंग दिसतो. टर्बो बसतो बॉनेटच्या आत, सायलेन्सरच्या बाजूला तोंड लपवून, आणि त्याची ती बारीक शिट्टी ऐकू येते फक्त चालवणाऱ्याला. एवढे पैसे मोजून माणसानं शिट्टी एकट्यानं ऐकायची?

म्हणून आमच्या जुन्या डिझेल गाडीला नवाकोरा टर्बो बसला, तेव्हा पार्किंगमध्ये मी स्वतःच विषय काढू लागलो. वाया जाणाऱ्या धुरानं एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं इंजिनात जादा हवा कोंबायची, ही अक्कल आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५ सालचं. हे मी वॉचमनलाही समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण साहेब, खाली तेल पडलंय तुमचं."

तेल पडलं होतं. शिवाय सकाळी गाडी सुरू केली की मागून निळा धूर निघत होता, आणि आमच्या गाडीचा निळा धूर इतरांच्या निळ्या धुरापेक्षा जास्त लाजिरवाणा होता. कारण पुढे मी 'टर्बो' असं लिहून घेतलं होतं.

याला जबाबदार जर्मन लोक. १९७३ साली बीएमडब्ल्यूनं '२००२ टर्बो' नावाची गाडी दाखवली. तिच्या पुढच्या पट्टीवर 'टर्बो' हा शब्द मुद्दाम उलट्या अक्षरांत लिहिलेला होता. पुढे चाललेल्या बापड्यानं आरशात पाहावं, तिथे तो शब्द सुलटा दिसावा, आणि त्यानं मुकाट्यानं बाजूला व्हावं! इतका शुद्ध, इतका निर्मळ माज मी दुसऱ्या कुठल्याही वाहनावर पाहिलेला नाही. आपल्या ट्रकवाल्यांचा 'बुरी नजरवाले' त्यापुढे अगदीच सोज्वळ. जर्मनीत आरडाओरडा झाला, ती अक्षरं कंपनीला मागे घ्यावी लागली. त्यातच त्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखलं आणि भरधाव जाण्याची हौसच लोकांना चारचौघांत सांगण्याजोगी वाटेना. १,६७२ गाड्या निघाल्या आणि प्रकरण आटोपलं. पण ती उलटी अक्षरं माझ्या डोक्यात बसली ती बसलीच.

सातारा रोडवरच्या रेडियमवाल्याला मी कागदावर उलटा 'टर्बो' काढून दिला. त्यानं कागद फिरवून फिरवून पाहिला. "साहेब, उलटं झालंय." मी त्याला आरसा, प्रतिबिंब, बीएमडब्ल्यू असं सगळं सांगितलं. त्यानं समजूतदारपणे मान हलवली, "होतं असं घाईत" म्हणाला, आणि चहा पिऊन येईपर्यंत शब्द सुलटा करून चिकटवूनही टाकला. तेव्हापासून पुढचे रिक्षावाले आरशात बघतात, हे काय लिहिलंय ते त्यांना लागत नाही, आणि ते नीट वाचण्यासाठी ते आणखी हळू होतात.

तर धूर. सोसायटीतल्या प्रत्येक पुरुषानं एकच निदान केलं: "सील गेलं." हे निदान करायला बॉनेट उघडावं लागत नाही. वास्तविक टर्बोत रबरी सील नसतंच. तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याच्या एका टोकाला पेटता धूर. रबर तिथे किती वेळ टिकणार? असतात त्या पिस्टनसारख्या बारीक रिंगा. तेल आत राहतं ते बरंचसं बाहेरच्या हवेच्या आणि धुराच्या दाबामुळे, आणि मुख्य म्हणजे ते आत साठत नाही म्हणून. वरून बारीक नळीतून इंजिनाच्या दाबानं येतं, दांड्याला तरंगत ठेवतं, फेसाळतं, आणि खालच्या जाड नळीतून केवळ स्वतःच्या वजनानं चेंबरमध्ये परत जातं. ती परतीची वाट अडली, की तेल मिळेल त्या फटीतून निघतं. सायलेन्सरकडे गेलं तर धूर, इंटरकूलरच्या पाइपातून गेलं तर जमिनीवर थारोळं. टर्बो नवा की जुना, तेलाला फरक पडत नाही.

हे इतकं मी वाचून काढलं, कारण ज्यांनी वाचायला हवं होतं ते एकमेकांकडे बोट दाखवत होते. बसवणारा म्हणे, "पीसच डिफेक्टिव्ह." विकणारा म्हणे, "फिटिंग चुकलं." दोघंही फार नम्र. दोघांचाही तोडगा एकच: आणखी एक नवा टर्बो. मला राग पैशांचा कमी आला. एकजणही वाकून बघायला तयार नव्हता, त्याचा जास्त.

नाना पेठेत एअर फिल्टर घेताना काउंटरवरच्या पोरानं एका मिस्त्रींचा पत्ता दिला. मिस्त्रींनी टर्बोकडे पाहिलंसुद्धा नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं. आधी जुना फिल्टर काढून उजेडात धरला. तो तुंबला की टर्बो हवेऐवजी तेल ओढतो. मग इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उघडलं आणि तोंडावर उलटं ठेवलं. झाकण जरासं थरथरलं, उडालं नाही. "बॅक मारत नाय. इंजिन ठणठणीत हाय." मी उगाच पोट आत घेऊन उभा राहिलो. मग ब्रीदरचा पाइप फुंकून झाला, सगळा भाग डिझेलनं धुऊन कोरडा झाला, आणि मिस्त्री म्हणाले, "पावडर हाय का, अंगाला लावायची?" चंदनाच्या पावडरीत न्हालेला टर्बो मी प्रथमच पाहत होतो. गाडी चालू केली. दोन्ही टोकांची पावडर पांढरी राहिली. खालच्या नळीच्या जोडापाशी ओली वाट उमटली.

नळी उघडली. तिथे पॅकिंग नव्हतंच. पॅकिंगऐवजी कुणीतरी सढळ हातानं लाल सिलिकॉन पेस्ट फासली होती. बोल्ट आवळल्यावर ती आत सरकून घट्ट झाली होती. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल घालून पाहिली. गेली नाही.

येणाऱ्या तेलासाठी डॅशबोर्डवर लाल दिवा आहे. जाणाऱ्या तेलासाठी काही नाही. पाण्याचंही तसंच. आम्ही राहतो तिथून आंबिल ओढा जातो. आता ओढा म्हणायचं ते सवयीनं; पात्रात भिंती आल्या, भराव आले, उरलेल्या जागेत जमेल तसं पाणी जातं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून पाण्याचा लोंढा आला आणि त्याला जायला जागाच नव्हती. भिंती पाडून ते घरांत शिरलं. माणसं गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं गेली. मोटारी एकमेकींवर चढून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता, पाऊस फार झाला. झालाच होता पाऊस.

असो. मिस्त्रींनी नळी खरवडली, नवं पॅकिंग घातलं, आणि गाडी सुरू करण्याआधी टर्बोच्या तोंडात चमचाभर तेल ओतलं. कोरड्या दांड्यानं पहिला फेरा घेऊ नये म्हणून. धूर मात्र लगेच थांबला नाही. मी कासावीस होऊन फोन केला, तर म्हणाले, "सायलेन्सरमधी जुनं तेल हाय, जळू द्या की." जळलं. थांबला.

बंद करण्यापूर्वी गाडी मिनिटभर नुसती चालू ठेवा, असंही त्यांनी बजावलं आहे. त्यानं तापलेल्या टर्बोतलं तेल करपत नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी मी पार्किंगमध्ये स्टिअरिंग धरून स्वस्थ बसलेला असतो. या माणसाला घरी जायचा धीर होत नाही, असा एक समज त्यातून पसरला आहे. बायको गॅलरीतून ओरडते, "अहो, वर या, कोणी काही बोलणार नाहीये."

बिल पाहून मात्र मी खरा दुखावलो. रेडियमवाल्यानं यापेक्षा जास्त घेतले होते. एवढा मनस्ताप, दोन दुकानदारांशी वैर, ब्युखीपासूनचा अभ्यास, आणि आकडा हा! मी म्हटलं, "मिस्त्री, पैसे राहू द्या तेवढेच, पण बिलावर निदान 'टर्बोचं काम' असं तरी लिहा."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि सावकाश लिहिलं: 'पाइप साफ केला. पॅकिंग १.'