चार काढ, सात घाल

महासंगणक जिथे असतो तिथे एक तरी मॉड्यूलवाला असतोच. पूर्वी तो यंत्राशेजारच्या गारठलेल्या खोलीत स्वेटर घालून बसायचा. आता यंत्र पुण्यात आणि तो वेंगुर्ल्यात, पडवीवर, लुंगी लावून. त्याचं काम नेमकं काय हे घरात कुणालाच सांगता येत नाही. आई विचारणाऱ्यांना "काम्पुटरात असता" एवढंच सांगते, आणि ते काही खोटं नाही.

शेजारच्या काकांचा समज मात्र वेगळा. कुंपणापलीकडून त्यांना त्याचं फोनवरचं बोलणं ऐकू येतं: "चार काढ, सात घाल. साताने नाही झालं तर नऊ घालून बघ." वेंगुर्ल्यात असे आकडे फक्त काजूला असतात. फळ संशोधन केंद्र इथे १९५७पासून आहे आणि वेंगुर्ला-१ ते वेंगुर्ला-९ या जाती तिथल्याच. एक दिवस काकांना राहवलं नाही.

"सात नंबराची बी मोठी, खरा. म्हणान काय चाराचा कलम उपटूचा?"

"उपटूक नाय, काका. सगळी ठेवलंय. पण एका वेळाक एकच."

तेव्हापासून काका त्याच्याकडे जरा काळजीने बघतात.

बोलला ते मात्र अक्षरशः खरं होतं. त्याच्या यंत्रावर जीसीसी या कंपायलरच्या पाच-सहा आवृत्त्या आपापल्या फोल्डरात नांदतात. 'मॉड्यूल लोड' म्हटलं की हव्या त्या आवृत्तीचा पत्ता पाथच्या यादीत सगळ्यांच्या पुढे जाऊन बसतो; 'अनलोड' म्हटलं की तो यादीतून निघतो. कंपायलर जागचा हलत नाही. हेही फक्त त्या माणसाच्या त्या बैठकीपुरतं. शेजारच्या खिडकीत दुसरा खुशाल दुसरी आवृत्ती वापरतो. ही युक्ती जॉन फर्लानी यांनी १९९१ साली मांडली. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकचा परम ८००० उभा राहिला. परम निवृत्त झाला, युक्ती अजून नोकरीत आहे.

जुन्या आवृत्त्या टाकून का देत नाही, असं त्याला विचारू नये. तो २०२० सालावर येतो. जगाला त्या वर्षीचं दुसरंच काही आठवतं. याला आठवतं ते जीसीसी दहाचं आगमन. फोरट्रानमधले चाळीस वर्षांचे प्रोग्राम तोवर पूर्णांकाच्या जागी दशांश संख्या सरकवून सुखाने हवामान वर्तवत होते. नवापर्यंतच्या आवृत्त्यांनी फार तर कुरकुर केली. दहाने थेट अडवलं. तेव्हापासून नऊला हात लावायची कुणाची छाती नाही. आणि चार? "एकजण अजून वापरतो," असं तो खालच्या आवाजात सांगतो. तो एकजण म्हणजे बहुधा कुणाचा तरी गाइड.

रात्री साडेअकराला पुण्याहून फोन येतो.

"दादा, प्रोग्राम चालत नाही. काल चालत होता."

"मॉड्यूल लिस्ट दाखव."

"मी काहीच लोड केलेलं नाहीये."

"दाखव तर खरं."

यादीत इंटेलचा कंपायलर, तिसऱ्याच कंपायलरवर बांधलेली एमपीआय आणि एक वयस्कर पायथन निघतो. पोरगं खोटं बोलत नसतं. त्याची बॅशआरसी फाइल त्याने सीनियरकडून उचललेली, सीनियरने त्याच्या सीनियरकडून, आणि मूळ पुरुष केव्हाच अमेरिकेत. कोकणातल्या सातबाऱ्यावर पणजोबा अजून हयात असतात, तसे या फाइलीत जुने कंपायलर. लॉगिन केलं की सगळे हजर.

"पर्ज कर. सगळे बाहेर. आता नऊला बोलाव, आणि पूर्ण नावाने. नुसतं 'जीसीसी' म्हटलंस तर डिफॉल्ट येईल, नि डिफॉल्ट उद्या कोण बदलेल ते मलाही माहीत नाही."

अख्ख्या वेंगुर्ल्यात तो फक्त डॉक्टरांना मानतो. औषध लिहून देण्याआधी "सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारणारा त्याला भेटलेला हा एकमेव माणूस. साध्या सर्दीला तो गेल्या तीन दिवसांची यादी तारखांसकट घेऊन जातो. डॉक्टर त्याला शेवटचा नंबर देतात.

लग्नाच्या बाबतीत मात्र आईचा धीर सुटत चाललाय. मुलीकडच्यांनी "मुलगा करतो काय?" विचारलं की हा पाथ समजावायला बसतो. शेवटी तिने त्याला देवळात नेऊन गाऱ्हाणं घालायला लावलं. गावकऱ्याने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या कामात काय अडचण इली आसात, कोणाची वाकडी नजर लागली आसात, तर ती दूर कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

हा पुढे वाकून गावकऱ्याच्या कानाशी लागला. गावकरी दोन क्षण थांबला, आणि मग त्याच ठेक्यात, "...आणि कोणी न विचारता डिफॉल्ट बदलीत असात, तर तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" यावेळी काकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.