सब चलेगा

आमच्या घरात दोन संगणक आहेत. एक बायकोचा, जो चालतो. दुसऱ्यावर फ्रीबीएसडी आहे.

ही विभागणी बायकोची आणि साफ अन्यायाची. फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, उत्तम चालते. बर्कलेच्या विद्यापीठात वाढलेल्या युनिक्सची ती थेट वंशज, १९९३ पासून या नावाने नांदते आहे. नेटफ्लिक्सचे जे सर्व्हर जगभर चित्रपट पोचवतात, त्यांवरही तीच असते. हे मी एकदा ऐन मालिकेच्या मध्येच बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग तुझ्याकडे दिसत का नाही?” तांत्रिक विषयात बायका फार वरवरचे प्रश्न विचारतात.

तर, वळवाच्या पावसात जवळपास कुठेतरी वीज पडली आणि माझ्या मदरबोर्डावरचं नेटवर्क पोर्ट गेलं. बाकी सगळं शाबूत. नवं कार्ड घ्यायला मी लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने विचारलं तर समोरचा तुम्हाला दवाखान्यात पाठवेल. दुकानदाराला म्हटलं, “फ्रीबीएसडीपे चलेगा?” त्याने माझ्याकडे न बघता खोकं पुढे सरकवलं. “सब चलेगा.”

इथे थोडं थांबायला हवं, कारण या धंद्यातली खरी गंमत खोक्यावर नसतेच. खोक्यावर एका कंपनीचं नाव, आत चिप दुसऱ्याच कंपनीची. सहा महिन्यांनी तेच खोकं, तेच मॉडेल, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘व्ही२’, आणि आत तिसऱ्याच कुळातली चिप. जाहिरातीत ‘सुस्वरूप, मनमिळाऊ’ वाचून स्थळ पाहायला जावं आणि गोत्र मांडवात कळावं, तसा हा प्रकार. गोत्र असतं पीसीआय क्रमांकात. प्रत्येक उत्पादकाला एक क्रमांक आणि प्रत्येक चिपला एक. इंटेलने स्वतःचा क्रमांक ८०८६ असा मिळवला आहे, आपल्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच.

फ्रीबीएसडीत कार्डाला नाव मिळतं ते ड्रायव्हरवरून. लिनक्समध्ये पूर्वी सगळी सरसकट ‘ईटीएच०’ असायची. इथे तसं नाही. इंटेलचं असेल तर ‘ईएम०’, रिअलटेकचं असेल तर ‘आरई०’. आणि ज्याला ड्रायव्हरच सापडला नाही, त्याला यंत्रणा ‘नन०’ म्हणते. कोणीच नव्हे, क्रमांक शून्य. असा दुसरा कोणी आला तर तो ‘नन१’. अनोळखी माणसालाही रांगेत नंबर देणारी ही एकच व्यवस्था माझ्या पाहण्यात आहे.

माझं कार्ड ‘नन०’ निघालं.

दोष कोणाचा, यावर घरात लगेच परिसंवाद सुरू झाला. बायकोचं मत फ्रीबीएसडी. शेजारच्या काकांचं मत, खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली नव्हती आणि वर राक्षस चिकटवलेला. राक्षस म्हणजे फ्रीबीएसडीचा शुभंकर: हातात त्रिशूळ घेतलेलं, पायात बूट घातलेलं लाल रंगाचं लहानसं भूत. माझ्या कॅबिनेटवर त्याचा स्टिकर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेला भाचा म्हणाला, “मामा, सरळ विंडोजचा ड्रायव्हर टाक ना यात.”

हसू नका. हे खरोखर करून झालेलं आहे. बिल पॉल नावाच्या गृहस्थांनी विंडोजचे नेटवर्क ड्रायव्हर फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये चालवायची सोय २००४ च्या सुमारास केली. त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला आपण विंडोजमध्येच आहोत असं वाटत राहावं, अशी सगळी व्यवस्था. या कामाला त्यांनी स्वतःच ‘प्रोजेक्ट इव्हिल’ म्हटलं होतं. आता ती सोय फ्रीबीएसडीतून गेली आहे, आणि भाच्याचा मार्गही.

बिल पॉल हा माझा आवडता लेखक. त्यांनी फ्रीबीएसडीसाठी ढीगभर नेटवर्क ड्रायव्हर लिहिले. रिअलटेकची ८१३९ ही चिप एकेकाळी स्वस्त कार्डांत सगळीकडे असायची. तिच्या ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या टिपेत त्यांनी म्हटलं आहे की या चिपने हलक्या मालाची व्याख्याच बदलली, आणि याहून वाईट पीसीआय इथरनेट चिप बहुधा बनलेली नाही. आलेलं प्रत्येक पॅकेट ती एका सलग पट्टीत कोंबते, मग प्रोसेसरने ते उचलून दुसरीकडे मांडायचं. पाठवायचं पॅकेट चारच्या पटीतल्या पत्त्यावर ठेवलं नाही, तर स्वीकारत नाही. एवढं सगळं सुनावून झाल्यावर खाली त्याच चिपसाठी नीटनेटका, चालणारा ड्रायव्हर. आमच्याकडच्या बऱ्याच समीक्षकांना यातला पहिला भागच जमतो.

दोष जवळच्यावर ढकलायची खोड काही आमच्याच घरची नाही. २००८ साली लिनक्सच्या २.६.२७ या येऊ घातलेल्या आवृत्तीत इंटेलची नेटवर्क कार्डं कायमची निकामी व्हायला लागली. कार्डाच्या आतल्या स्मृतीतला मजकूरच खराब व्हायचा. संशय अर्थातच इंटेलच्या ‘ई१०००ई’ ड्रायव्हरवर गेला. पुढे निघालं भलतंच. कर्नलमधल्या फंक्शनांवर पाळत ठेवणारी ‘एफट्रेस’ ही यंत्रणा एका रिकाम्या झालेल्या जागेत, तिथे अजून जुनाच कोड आहे असं समजून, लिहीत होती. ती जागा तोवर नेटवर्क कार्डाकडे गेलेली. म्हणजे पाळत ठेवणाऱ्यानेच घर फोडलं आणि आळ दाराशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरवर आला.

माझ्या ‘नन०’चा ड्रायव्हर ‘पोर्ट्स’ या फ्रीबीएसडीच्या जादा सॉफ्टवेअरच्या संग्रहात होता. तो उतरवायला नेटवर्क हवं. नेटवर्कला तो हवा. या टप्प्यावर मॅन्युअल अतिशय शांत भाषेत लिहिलेलं असतं.

बाहेर पडायची एक वाट आहे: अँड्रॉइड फोन यूएसबीच्या वायरने जोडायचा, टेदरिंग सुरू करायचं, की फ्रीबीएसडीला तो फोन ‘यूई०’ नावाचं नेटवर्क कार्ड वाटतो. माझा फोन दुरुस्तीला. बायको ऑफिसात. भाच्याने स्वतःचा फोन देणं शक्यच नव्हतं. उरल्या सासूबाई.

“कितीसा वेळ लागेल, जावईबापू?”

“पाच मिनिटं, आई.”

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. पाच मिनिटं या शब्दाची किंमत त्यांना ठाऊक असावी, कारण फोनसोबत त्या खुर्ची घेऊनच आल्या. पॅकेज उतरलं. ‘केएलडीलोड’ म्हणून मॉड्यूल चढवायला गेलो, तर उत्तर आलं की चढवताना चूक झाली, अधिक माहितीसाठी ‘डीमेसेज’ पाहावा. डीमेसेज पाहिला. मॉड्यूल पुढच्या उपआवृत्तीसाठी बांधलेलं, माझा कर्नल आधीचा, जुळत नाही. एका ओळीत, न रागावता. घरातल्या एकाही तज्ज्ञाला ही ओळ सुचली नव्हती.

म्हणजे आता कर्नलही नवा. तोही सासूबाईंच्या फोनवरून. कीर्तनाचे व्हिडिओ पाहायला राखून ठेवलेला त्यांचा रोजचा दीड जीबी माझ्या डोळ्यांदेखत वितळत होता, आणि त्यांच्याही.

संगणक पुन्हा सुरू केला. मॉड्यूल चढलं. ‘नन०’ला नाव मिळालं, एमएसी पत्ता आला. मी ‘आयएफकॉन्फिग’ मारलं. सगळं ठीक, फक्त शेवटची ओळ: ‘स्टेटस: नो कॅरियर’.

मी पुन्हा मॅन्युअल काढलं. ड्रायव्हरच्या पानावर तळाला ‘बग्ज’ असा विभाग असतो. लेखकांनी आपल्या पुस्तकांतही तो घालावा असं मला फार वाटतं. तिथे काही नव्हतं. वेग हाताने ठरवून पाहिला, ऑफलोडिंग बंद केलं. ओळ ढिम्म.

सासूबाई चष्मा वर करून पडद्याकडे बघत होत्या. “कॅरियर नाही म्हणतोय ना? मग पलीकडे लाइनच लागलेली नाही. तुम्ही अलीकडे काय खुडबुड करताय?”

वायर धरून मी राउटरपर्यंत गेलो. दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं, आणि त्याच्या जागी भाच्याच्या गेमिंग कन्सोलची वायर. “तुझं तसंही चालत नव्हतं ना, मामा,” भाचा म्हणाला. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

वायर खोचली. ‘स्टेटस: ॲक्टिव्ह’. सासूबाईंनी आपला फोन सोडवून घेतला, पडदा माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, “डेटा संपला म्हणतोय. आज संध्याकाळी कीर्तन आहे.”

नव्या कार्डावरून बाहेर पडलेलं पहिलं पॅकेट, डीएचसीपीची किरकोळ पत्रापत्री सोडली तर, सासूबाईंच्या रिचार्जचं होतं.