तोफखान्यातल्या आजोबांचे स्मरण : कुटुंबीयांसाठी सूचना

काकूलची तोफखाना शाळा देवळालीला आली, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर झालं, आणि पलटणीतून सुटलेली कितीतरी माणसं हवापाणी मानवलं म्हणून इथेच राहिली. आता ती एकेक करून निघाली आहेत. मागे राहणाऱ्यांची फार धांदल होते, म्हणून या सूचना. सोयीसाठी एक नाना गृहीत धरले आहेत : जन्म 1938, भरती 1957, पेन्शन 1977, निधन वयाच्या 87व्या वर्षी. आपापल्या नानांप्रमाणे आकडे बदलून घ्यावेत.

सर्वप्रथम हुद्दा ठरवावा. हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेले नाना अंत्ययात्रेत सुभेदार असतात, दहाव्याला सुभेदार मेजर होतात आणि चौकातल्या फ्लेक्सवर थेट कर्नल. वीस वर्षांच्या नोकरीत न मिळालेली बढती फ्लेक्सवाला एका रात्रीत देतो. ट्रंकेत डिस्चार्ज बुक असतं. ते फ्लेक्सवाल्याच्या आधी आपण वाचावं.

तिरंगा पांघरण्याचा मोह आवरावा. शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाखेरीज तसं करणं कायद्याला मान्य नाही, आणि नाना असते तर त्यांनीच सर्वांना रांगेत उभं करून हे सांगितलं असतं.

फोटोशेजारी पदकं मांडायला हरकत नाही. मात्र 15 ऑगस्ट 1972 रोजी सैन्यात हजर असलेल्या प्रत्येकाला मिळालेलं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं पदक त्यांत असणारच, आणि मावसजावई त्यालाच वीरचक्र समजणार. त्यांचा गैरसमज चहा यायच्या आत दूर करावा. चहानंतर तो इतिहास होतो.

शोकसभेत वक्ते तीनच ठेवावेत. पाच झालेच तर एक राजकारणातला असतो. तो यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तिथून सुरुवात करतो, 1963च्या पोटनिवडणुकीत नाशिकनं त्यांना बिनविरोध लोकसभेवर पाठवलं इथवर येतो आणि नानांचं नाव न घेता खाली बसतो. त्याला दोष देऊ नये. नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं काम आपलं होतं.

उरलेले चारही वक्ते 1965 आणि 1971 एवढंच बोलतात. इथे कागद-पेन्सिल घ्यावी. 1965ला आपल्या फौजा 6 सप्टेंबरला पंजाबात सीमा ओलांडून गेल्या आणि 23 तारखेला युद्धबंदी झाली. 1971चं युद्ध 3 डिसेंबरला पेटलं आणि पश्चिम आघाडीवर 17 डिसेंबरला थांबलं. दोन्ही मिळून धड पाच आठवडे भरत नाहीत. उरलेल्या 86 वर्षांचं काय करायचं, याचं उत्तर एकाही वक्त्याकडे नसतं. घरच्यांकडे असतं, पण त्यांना माइक देत नाहीत.

ते असं असतं. पेन्शनीत निघाल्यावर नाना बारा बोरची बंदूक घेऊन बँकेच्या दारात स्टुलावर बसले. तोफा डागलेल्या माणसानं पुढच्या वीस वर्षांत एक गोळी झाडली नाही; खेड्यातून आलेल्या बायकांच्या पैसे काढायच्या स्लिपा मात्र वळणदार अक्षरात भरून दिल्या. कॅन्टीनचा कोटा स्वतः न पिता व्याह्यांना पुरवला आणि दोन लग्नं सुरळीत पार पाडली. तोफांनी कान गेलेले, पण देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की मांडणीतल्या ताटांच्या थरथरीवरून कोणती तोफ ते सांगत. दर नोव्हेंबरात इस्त्रीचा शर्ट घालून, आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून येत. वाढीव पेन्शनचा तक्ता त्यांना पाठ होता : 80ला मूळ पेन्शनच्या 20 टक्के जादा, 85ला 30, 90ला 40, 95ला 50, शंभरीला दुप्पट. ‘आणखी तीन वर्षं हवे होते,’ असं थोरले काका म्हणाले, तर ते मायेपोटीच म्हणाले असं धरावं.

स्मरणिका काढायची असेल, तर वरील मजकूर वक्त्यांकडून कधीही मिळणार नाही. तो रामकुंडावर दहाव्याला मिळतो.

तिथे आधी उपाध्यायांची वही बघावी. नाव, वडील, आजोबा, मूळ गाव, कोण कधी कशासाठी आलं, एवढ्यात माणूस आटोपतो. हुद्द्याचा रकाना नसतो. नाना स्वतः वडिलांचं कार्य करायला आले होते तेव्हाची त्यांची सही सापडली, तर मोबाइलवर फोटो काढावा. दक्षिणा वेगळी द्यावी.

मग पिंड मांडतात आणि कावळ्याची वाट बघणं सुरू होतं. रामकुंडावरचे कावळे पोटभरलेले आणि चोखंदळ. शिवत नाहीत. नातेवाईक एकेक करून पुढे होतात, हात जोडून अदमास घेतात. थोरले काका म्हणतात, वीट पडू देणार नाही, घर विकणार नाही. कावळा ढिम्म. आत्या म्हणते, पेरूला रोज पाणी घालू. कावळा मान वळवतो. नातू म्हणतो, रेडिओ भंगारात दिलेला नाही, दुरुस्तीला टाकलाय. सून म्हणते, आईंना एकटं ठेवणार नाही. गुरुजी घड्याळ बघत दर्भाचा कावळा करायला घेतात, तेव्हा मागून आजी म्हणते, ‘धाकट्याशी बोला रे कुणीतरी.’

कावळा कशाला शिवला हे गौण आहे. त्याला भूकही लागली असेल. त्या अर्ध्या तासात बोललं गेलेलं सगळं एकानं लिहून घ्यावं. नानांबद्दल इतकं खरं त्या घरात आजवर कुणी बोललेलं नसतं. ते जसंच्या तसं छापावं. धाकट्याचा उल्लेख गाळण्याची सूचना येईल. ती मान्य करू नये.

दिलेल्या शब्दांची मुदत पुढीलप्रमाणे : पेरूला पाणी त्याच संध्याकाळपासून. रेडिओ महिन्याच्या आत. धाकट्या काकांना फोन वर्षश्राद्धाच्या आत, आणि तो थोरल्या काकांनीच करायचा. सुनेकडून करवून घेतलेला किंवा व्हॉट्सॲपवर नुसते हात जोडून पाठवलेला धरला जाणार नाही.