जावईबापू, कायलला तुमची पीडीएफ पोचलीच नव्हती

श्री. जावईबापू यांस,
 

पत्र खुलं लिहितेय त्याला कारण आहे. बंद पाकिटातून पाठवलं असतं तर वन्संनी ते मधल्या मध्ये गायब केलं असतं. घरच्या ग्रुपवर लिहायची सोय नाही, कारण तिथे ॲडमिन तुम्ही एकटेच. शिवाय आमच्या घरात जावयाला तोंडावर काही बोलायची पद्धत नाही. जावई म्हणजे दशमग्रह, त्याची शांत करायची, त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, असं सासूबाईंचं ठाम मत. मी या घरात सून म्हणून आले, त्यामुळे मला ग्रहांची फारशी भीती उरलेली नाही.

तर आधी अभिनंदन. नाताळच्या सुट्टीत सगळ्या खानदानाला केरळच्या पाण्यावर फिरवून आणायचं तुमच्या मनात आलं, ही काही लहान गोष्ट नव्हे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते तुम्ही कोणालाही न विचारता ठरवून टाकलंत. रात्री उशिरा ग्रुपवर 'सगळ्यांना चालेल ना?' असं विचारलंत आणि आम्ही झोपेत असताना स्वतःच 'ओके, डन' असं उत्तर दिलंत. लोकशाहीवरची तुमची श्रद्धा तेव्हाच कळली.

ती पीडीएफ मी अजून जपून ठेवली आहे. निळ्या रंगात कोल्लमची अष्टमुडी, मग कायमकुलमचं तळं (तळ्याला तिकडे कायल म्हणतात), मग अलेप्पी, मग वेंबनाड आणि शेवटी कोची. सगळ्या तळ्यांमधून सरळ ओढलेली एक लाल रेघ. एकच हाउसबोट, सामान एकदा चढवायचं आणि एकदा उतरवायचं. रेघेवर वेळा टाकलेल्या : 'स. १०.४० कायमकुलम पार. दु. ४.१५ पातिरामणल बेट, पक्षिनिरीक्षण, १५ मि. सायं. ७.३० चंद्रप्रकाशात नौकाविहार.' पक्ष्यांना पंधरा मिनिटं मिळाली, हे त्यांचं भाग्य. आणि सगळ्यांत वर जाड टायपात 'राष्ट्रीय जलमार्ग क्र. ३'. जणू समृद्धी महामार्गच, फक्त ओला.

जलमार्ग खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. कोल्लम ते कोट्टप्पुरम हा पट्टा १९९३ साली राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाला. पण तुमच्या रेघेला जी गोष्ट ठाऊक नव्हती ती अशी, की ही तळी काही एकमेकांचा हात धरून उभी नाहीत. मधले बरेचसे जोड माणसांनी खणलेले कालवे आहेत, त्यातले कितीतरी त्रावणकोर संस्थानाच्या काळातले. वाटेत त्रिक्कुन्नपुळा इथे लॉक आहे, म्हणजे पाण्यातलं फाटक. ते उघडेपर्यंत बोटीनं गप्प उभं राहायचं. कोल्लमहून अलेप्पीला जायला सरकारी पर्यटक बोटीला सुमारे आठ तास लागतात, आणि हाउसबोट तर तिच्याहून निवांत. तुम्ही या सगळ्याला एक सकाळ दिली होतीत. नाश्त्यासकट.

अण्णांनी, म्हणजे मामंजींनी, पीडीएफ बघून एकच प्रश्न विचारला होता, आठवतंय? ''भरती किती वाजता आहे?'' अण्णांचं बालपण दाभोळच्या खाडीकाठी गेलं. खाडीपलीकडे जायला तर पकडायची असो नाहीतर कालवं काढायला जायचं असो, त्यांच्याकडे आधी पाण्याला विचारायची रीत. तुम्ही हसून म्हणालात, ''अण्णा, हे लेक आहे, समुद्र नव्हे.'' अण्णा जावयापुढे काय बोलणार? त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. अष्टमुडी नींडकराला समुद्राला मिळते, वेंबनाड कोचीला मिळतं, आणि दिवसातून दोनदा समुद्र आत येऊन दोघांची विचारपूस करून जातो. एवढं माहीत असायला काठावर जन्मावं लागतं असं नाही, पण झूम करून कळत नाही हे खरं.

कोल्लमच्या धक्क्यावर व्हायचं तेच झालं. बोटवाल्यानं तुमच्या कागदाकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, मग आमच्या सामानाकडे. अलेप्पीपर्यंत आपण सगळे टेम्पो ट्रॅव्हलरनं गेलो. तुम्ही पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला डावीकडचं पाणी दाखवत होतात आणि म्हणत होतात, ''हेच ते कायमकुलम. पाहून घ्या सगळ्यांनी.'' सगळ्यांनी पाहून घेतलं. भाताचं खाचर होतं ते.

अलेप्पीला हाउसबोट मिळाली आणि ती सुंदर होती, हे मोकळ्या मनानं सांगते. केट्टुवळ्ळम म्हणजे मूळची भात आणि मसाल्याचा माल कोचीपर्यंत नेणारी होडी. फळ्या काथ्याच्या दोरानं शिवलेल्या, खिळा एक नाही. रस्ते झाले, ट्रक आले, होड्या बेकार झाल्या, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कोणाला तरी त्यांच्यावर खोल्या बांधायची कल्पना सुचली. सासूबाई तो दोराचा टाका बोटानं चाचपून बघत बसल्या होत्या. गोधडीचा टाका कसा बघतात, तशा. तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत, ''आई, तिकडे काय, इकडे या, ड्रोन येतोय!''

मग बांध. जावईबापू, बांधाबद्दल मी तुम्हाला कधीच क्षमा करणार नाही, कारण त्याच्याइतकी मजेची गोष्ट त्या सबंध प्रवासात नव्हती आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून फोन लावत बसलात.

वेंबनाडच्या मध्यावर तण्णीरमुक्कम इथे आडवा बांध आहे. त्याच्या दक्षिणेला कुट्टनाड, जिथे समुद्रसपाटीच्या खाली भात पिकतो. शेताच्या बांधाबाहेरचं पाणी शेतापेक्षा वर, आणि आतला माणूस पंपानं पाणी उपसून उपसून पेरणी करणार, असा तिथला रोजचा मामला. एफएओनं २०१३ साली जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात त्याची नोंद केली. उन्हाळ्याकडे नद्यांचं पाणी घटलं की समुद्राचं खारं पाणी वर सरकतं आणि भाताची वाट लागते. म्हणून १९७०च्या दशकात हा बांध पुरा झाला. डिसेंबरच्या मध्याला दारं खाली, मार्चच्या मध्याला वर, असा कागदावरचा नेम. प्रत्यक्षात दरवर्षी शेतकरी म्हणतो आणखी थोडं थांबा, आणि मच्छीमार म्हणतो आत्ताच्या आत्ता उघडा. कारण खारं पाणी आलं नाही तर कोळंबी येत नाही. शिवाय जलपर्णी माजते ती निराळीच. तिला गोडं पाणी मानवतं. खारं आत शिरलं की ती करपते, दारं बंद असली की पसरत जाते.

म्हणजे तुमच्या लाल रेघेच्या बरोब्बर मधोमध एका राज्याचं पन्नास वर्षांचं भांडण उभं होतं. तुम्ही तारीख निवडलीत तीही नेमकी दारं पडल्यानंतरची. बांधातून बोटी जायला लॉक आहे, पण आमच्या बोटवाल्याचा धंदा बांधाच्या अलीकडचा, तो पलीकडे यायला तयार नव्हता. ''बंड, सर. क्लोज,'' तो म्हणाला. तुम्ही फोन त्याच्या नाकासमोर धरलात : ''इथे तर निळं दिसतंय.'' त्यानं मान तिरकी हलवली. केरळात तिचा अर्थ हो असाही होतो आणि नाही असाही, तुम्ही सोयीचा घेतलात.

नंतर पंख्यात जलपर्णी अडकली. बोटीवरचा पोरगा, विशीचासुद्धा नसेल, मागच्या फळीवर पालथा पडला, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि सुरीनं मुळं कापत राहिला. काळ्या केसांच्या जटेसारखं काहीतरी ओढून ओढून वर टाकत होता, आणि त्यातून चिमुकले झिंगे टणाटण उड्या मारत होते. मुलं खूश. तुम्ही त्याचा व्हिडिओ काढलात आणि खाली लिहिलंत, 'ॲडव्हेंचर इन्क्लूडेड'. पुण्याला नदीवर हीच जलपर्णी बघायला पैसे पडत नाहीत, असं माझा नवरा हळूच म्हणाला. तो तुमचा मेहुणा आहे, हळूच बोलण्याचाच त्याला हक्क.

चंद्रप्रकाशातल्या नौकाविहाराकडे येऊ. साडेपाचच्या सुमाराला बोट काठाला लागली आणि माडाला बांधली गेली. तुम्ही म्हणालात, ''हा आपला टी-ब्रेक.'' टी-ब्रेक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालला. संध्याकाळनंतर तिथले मच्छीमार जाळी टाकतात. रात्री इंजिनाच्या बोटी फिरल्या तर जाळी फाटतील, म्हणून हाउसबोटी अंधारात हलत नाहीत. हे तिथल्या शेंबड्या पोराला माहीत. तुमच्या साडेसातला आपण होतो कुठे? डावीकडे एक हाउसबोट, उजवीकडे दुसरी, तिन्हींचे जनरेटर एकसुरात, आणि शेजारच्या बोटीवर गुजराती मंडळींची अंताक्षरी. चंद्र होता. तो पलीकडच्या बोटीच्या डिश अँटेनामागे होता. एसी रात्री नऊनंतरच चालू होईल हे कळल्यावर तुम्ही बोटवाल्याशी जे इंग्रजी बोललात, ते त्याला कळलं नाही म्हणून बरं. करीमीन मात्र त्यानं केळीच्या पानात काय भाजून दिला! त्या एका माशापायी त्याला सगळं माफ. तुम्हाला नाही.

आणि ती सर्पनौकांची शर्यत? 'दिवस २ : नेहरू ट्रॉफी पाहणे.' जावईबापू, १९५२ साली पंडित नेहरू अलेप्पीला आले तेव्हा त्यांच्यासाठी शर्यत लावली, ते भारावून जिंकलेल्या नौकेत चढले आणि दिल्लीला गेल्यावर त्यांनी चांदीचा चषक पाठवला. तेव्हापासून ही शर्यत होते, हल्ली पुन्नमडा कायलवर. पावसाळ्यात. ऑगस्टच्या आसपास. डिसेंबरात त्या जागी एक रिकामा स्टँड आहे, त्याच्यासमोर तुम्ही आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून फोटो काढलात, आणि त्याखाली 'नेहरू ट्रॉफी, टिक' असं लिहिलंत.

एका गोष्टीवर मात्र मला विनोद सुचत नाही. लाइफ जॅकेट. ''फोटोत सगळे सिलिंडरवाले दिसतात, काढा ती,'' असं तुम्ही मुलांना म्हणालात, आणि पोरांनी काढली. कोल्लमहून अलेप्पीला येणाऱ्या याच पाण्यावर, पल्लनाजवळ, जानेवारी १९२४मध्ये 'रिडीमर' नावाची बोट बुडाली. माणसं झेपतील त्याहून जास्त भरली होती. बुडालेल्यांत मल्याळम कवी कुमारन आशान होते. जुनी गोष्ट म्हणाल, तर ७ मे २०२३ घ्या. मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला अंधार पडल्यावर पर्यटकांची दुमजली बोट उलटली, बावीस माणसं गेली, त्यात मुलंही होती. बोटीत क्षमतेहून जास्त लोक होते. तुम्हाला रात्रीच्या विहाराला नाही म्हणणारा तो बोटवाला तुम्हाला आडमुठा वाटला. मी त्याला निघताना वेगळी बक्षिशी दिली, ती तुमच्या हिशेबात धरू नका.

आता एक गुपित. दुसऱ्या दिवशी तुम्ही एजंटकडे रिफंड मागायला गेलात, तेव्हा सासूबाई, अण्णा आणि मी गायब होतो. आम्ही देवळात नव्हतो. अलेप्पीच्या जेट्टीवरून कोट्टायमला जाणारी सरकारी बोट पकडली होती. तिकीट इतकं किरकोळ की अण्णांनी दोनदा विचारून घेतलं. पुढे उंचावर सारंग सुकाणू धरून, इंजिनवाला खाली, आणि मधून दोरी ओढून घंटेची भाषा. धक्का आला की खलाशी दोर खांबावर फेकायचा, बोट टेकते न टेकते तोच दप्तरवाली पोरं उडी मारून पार. एक बाई कोंबडी घेऊन चढली. एक म्हातारा नुसता सायकलचं चाक घेऊन. बोट कोणासाठी रेंगाळत नव्हती आणि कोणाला मागेही टाकत नव्हती. घराच्या पायरीवर भांडी घासणाऱ्या बाया मान वर करून बघत नव्हत्या, इतकी ती रोजची. अण्णांनी शेजारच्या माणसाला खुणेनं विचारलं, पाणी आता चढतंय की उतरतंय? त्यानं काठावरच्या खांबावरची ओली रेघ दाखवली. दोघांचं छान जमलं. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती.

असो. दोन कामाच्या गोष्टी. पहिली, हिशेब. कोल्लमच्या बोटीची आगाऊ रक्कम, जी बोट आपण पाहिलीही नाही, ती 'इतर' या सदरात कशी गेली, आणि 'इतर' हे सदर जेवणखाणाच्या सदरापेक्षा मोठं कसं झालं, ते ग्रुपवर लिहा. ॲडमिन तुम्हीच आहात, अडचण येऊ नये.

दुसरी, काल रात्री आलेली नवी पीडीएफ. 'काश्मीर : दल, नगीन, मानसबल, वुलर. एकच हाउसबोट, चार सरोवरं.' रेघ या वेळी हिरवी आहे, प्रगती आहे. माझा या बेताला मनापासून पाठिंबा आहे, जावईबापू, तुम्ही बुकिंग करूनच टाका. दलमधल्या हाउसबोटी काठाला कायमच्या बांधलेल्या असतात, त्या जागच्या हलत नाहीत. तुम्ही वेळापत्रक घेऊन डेकवर बसा. आम्ही शिकारा करून जाऊन येतो.

आपली,
थोरली वहिनी

ता. क. बांधाची दारं मार्चच्या मध्याला उघडतात, असं अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. सरकारी बोटीचं वेळापत्रकही त्यांनी आणलंय. तुम्हाला यायचं असेल तर या, पण फोन घरी ठेवून.