रंगांधळ्यांसाठी थोडेसे

कल्याणपासून पनवेलपर्यंतच्या शहरांत विकास आणि पर्यावरण यांचा समतोल बिघडलाय, अशी ओरड करणारी मंडळी रंगांधळी असावीत. एवढा रंगीबेरंगी पट्टा उभ्या महाराष्ट्रात नाही. डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत, होळीला महिना असताना, एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला खुद्द मुख्यमंत्री आले. एरवी डोंबिवलीचा रस्ता बघायला कोण येतं?

तळोजा त्याच्याही पुढे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथली पांढरी भटकी कुत्री निळी झाली. कासाडी नदीच्या आसपास काही खायला मिळतंय का बघायला जायची आणि रंगून यायची. पाण्याचे नमुने, प्रयोगशाळा, अहवाल, अहवालावरचा अभिप्राय, सगळं टाळून मुक्या जनावरांनी निष्कर्ष थेट अंगावर घालून आणला. फोटो झळकले तेव्हा कुठे एका कारखान्यावर कारवाई झाली. (काळी कुत्री कितीही भिजली तरी पुरावा होत नाहीत. वरिष्ठांनी नोंद घ्यावी.)

वालधुनी नदीचं काम जास्त शिस्तीत चालतं. ती १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून अंबरनाथहून निघते, उल्हासनगरातून कल्याणला येते आणि खाडीला मिळते. कल्याणकर म्हणतात, घाण उल्हासनगरची. उल्हासनगरकर म्हणतात, अंबरनाथची. अंबरनाथकर शासनाकडे बोट दाखवतात. नदी एक आणि हद्दी तीन असल्या की पाप वाटून घ्यायला सोपं जातं. कारखान्यांचंही तेच. डोंबिवलीत २०१६ आणि २०२४ ला, दोन्ही वेळा मे महिन्यात, स्फोटांत माणसं गेली. मग धोकादायक कारखाने दुसरीकडे हलवायच्या घोषणा झाल्या. त्या ‘दुसरीकडे’सुद्धा माणसंच राहतात, हे घोषणेत बसत नसावं.

नवी मुंबईने मात्र निसर्गाला मानाचं पान दिलंय. शहराचं नावच ‘फ्लेमिंगो सिटी’, रस्त्याकडेला फ्लेमिंगोंचे देखणे पुतळे. खरे फ्लेमिंगो तसे कटकटीचे. त्यांना भरतीचं पाणी लागतं, चिखल लागतो. नेरुळच्या डीपीएस तलावात येणारं भरतीचं पाणी अडलं आणि २०२४ मध्ये तिथे पक्षी मेले. त्यानंतर २०२५ मध्ये तलावाला संरक्षण द्यायचं ठरलं. पुतळ्यांना पाणी लागत नाही, फक्त रंगाचं टेंडर लागतं. पलीकडे विमानतळासाठी उलवे टेकडी सपाट झाली, नदीचं पात्र वळवलं गेलं. आता वरून येणारा प्रवासी खाली पाहील तेव्हा त्याला सपाटी दिसेल, म्हणजे समतोलच की!

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी मत मागायला आलेला उमेदवार ‘समतोल विकास’ म्हणाला, तर वाद घालू नका. त्याला वालधुनीच्या पुलावर न्या आणि नाकाला रुमाल न लावता पाच मिनिटं उभं करा. भाषण त्यानंतर ऐका.