अंगठा दाखवा, करिअर मिळवा

ऐकलंत का? तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पोराच्या दहाही बोटांचे ठसे दिले! छे, पोलिसांत नव्हे, करिअरसाठी. दहावीचा निकाल लागायचाय अजून, पण पोरगं पुढे काय होणार ते ठरलंसुद्धा. आणि आम्ही वेडे मार्कशीटची वाट बघत बसायचो.

मी स्वतः पाहिलं हो. माणूस घरी आला, बॅगेतून इवलासा स्कॅनर काढून लॅपटॉपला जोडला. एकेक बोट तीन-तीनदा दाबून घेतलं: आधी मधोमध, मग डावीकडून, मग उजवीकडून. उजव्या अंगठ्याला पट्टी होती, आदल्या दिवशी कैरी चिरताना कापलेला. "ही काढावी लागेल," तो गंभीरपणे म्हणाला. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. न जाणो, पोराचं इंजिनिअरिंग नेमकं त्या पट्टीखालीच असायचं!

आठवड्याने रिपोर्ट आला. जाडजूड, स्पायरल केलेला, वर गुळगुळीत प्लॅस्टिक. आत रंगीबेरंगी मेंदू आणि प्रत्येक कप्प्यावर टक्के. शेवटच्या पानावर योग्य करिअर: डॉक्टर, वकील, उद्योजक, शिक्षक, वैमानिक. म्हणजे पोराने काहीही केलं तरी रिपोर्ट बरोबर! सध्या तो रुखवतासारखा टीपॉयवर मांडलाय. येणाऱ्याला आधी रिपोर्ट, मग चहा.

या प्रकाराला म्हणे डीएमआयटी, म्हणजे डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट म्हणतात. १८९७ साली कोलकात्यात जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्यूरो निघालं ते चोर पकडायला. आता त्याच रेघांत करिअर पकडतात. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडला, त्याचं नाव या चाचणीला चिकटवलंय. गार्डनरांच्या सिद्धांताचा बोटांच्या ठशांशी सुतराम संबंध नाही. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही याला शास्त्रीय आधार नाही असं सांगून टाकलं. पण डॉक्टरांचं ऐकतो कोण? ठशांच्या या रेघा आईच्या पोटात असतानाच पक्क्या होतात. डोहाळजेवणात वाटीखाली पेढा निघतो की बर्फी, हे आपण गमतीने बघतो. इथे पोटातल्या रेघांवरून जेईई की नीट ते ठरतंय, आणि गंमत कुणालाच वाटत नाही!

सरकारही मागे नव्हतं बरं का. २०१६ साली राज्य मंडळाने दहावीच्या पोरांची कल चाचणी घेतली. ती निदान प्रश्नोत्तरांची होती. शेतीपासून गणवेशधारी सेवांपर्यंत सात क्षेत्रं. आमच्या भाच्याचा कल निघाला गणवेशधारी सेवांकडे. घरात हाहाकार! ज्याला स्वतःचा शाळेचा गणवेश कधी सापडला नाही, तो सीमेवर काय शोधणार? शेवटी गेला कॉमर्सला, कारण कॉलेज रिक्षाच्या किमान भाड्याच्या अंतरावर. कलाचा कागद आधारच्या झेरॉक्सबरोबर फायलीत गेला. त्यावर त्याच्याशी बसून कुणी बोललं का? शाळेला वाटलं घरचे बोलतील, घरच्यांना वाटलं शाळा बोलेल.

इंग्लंडात तर भलतीच थेरं. २०१४ साली तिथे गॅट्सबी नावाच्या आठ कसोट्या निघाल्या, आणि त्या लावायच्या कुणाला? पोरांना नाही, शाळेला! प्रत्येक पोराशी जाणकार सल्लागार स्वतंत्रपणे बोलला का? पोरांना खऱ्याखुऱ्या कामाच्या जागी नेलं का? काम देणारी माणसं त्यांना भेटली का? परीक्षा पोरांची सोडून शाळेची! कुठे फेडतील हे?

पण खरा कहर पुढेच आहे. ओळखीतल्या एक बाई ज्युनिअर कॉलेजात शिकवतात. त्यांनी काय करावं? तीन वर्षांपूर्वी ज्यांना सल्ला दिला होता, त्या पोरांना एकेक करून फोन लावले. "आम्ही सांगितलं त्याचा काही उपयोग झाला का रे?" वहीत तीन रकाने: काय सुचवलं, काय घेतलं, आता काय चाललंय. एकाने तर तोंडावर सांगितलं, "मॅडम, तुमच्या सेमिनारमध्ये झोप लागली होती. मामाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सुट्टीत आठ दिवस बसलो, तेव्हा कळलं काय करायचं ते." आणि बाईंनी हे मुकाट्याने लिहून घेतलं! वर यंदा सेमिनारच रद्द. पोरांना चार-चारच्या टोळ्या करून गॅरेजात, लॅबमध्ये, सीएच्या ऑफिसात धाडलं. ना बॅनर, ना शाल-श्रीफळ, ना पाहुण्यांचं दोन तासांचं भाषण.

हे सगळं मी वहिनींच्या कानावर घातलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रिपोर्ट किती पानी मिळतो?"

"रिपोर्ट कुठला? बाईंची शंभरपानी वही. तीसुद्धा खाडाखोडीने भरलेली."

"खाडाखोड?" वहिनींनी कानांवर हात ठेवले. "म्हणजे आधी सांगितलेलं चुकलं असं स्वतःच्या हाताने लिहायचं? शी! आमच्याकडे बघा, एवढ्या पानांत एक शब्द खोडलेला दाखवा!"