पेढ्यांची पावती
देखरेखीत आमचा जिल्हा मागास नाही बरं का! 2007 साली सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवावं म्हणून राज्यात पाच जिल्हे निवडले: पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि आपलं तेव्हाचं उस्मानाबाद. गावाने सेवेला हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा, मग जनसुनवाईत साहेबांना जाब विचारायचा. साहेब म्हणणार, "लेखी तक्रार द्या." तक्रार कोणाची? पुढचं बाळंतपण जिच्या हातून व्हायचंय, त्या सिस्टरची! देतंय कोण?

2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे. औषध, रक्त, गाडी, सिझर झालं तर सात दिवसांचं जेवणसुद्धा. भिंतीवर तसं रंगवलेलं असतं. त्याच भिंतीला टेकून आजी कनवटीची नोट काढते, कारण पेढ्यांचे पैसे निराळे. (मुलगी झाली तर दर उतरतो. स्त्रीजन्माचा एवढा तरी फायदा!)

आणि रुग्णालयात बाई दगावलीच, तर पहिली चौकशी त्याच रुग्णालयाची समिती करते. घरचं लग्न, घरचेच पंच. नातेवाइकांना जिल्हाधिकाऱ्यांच्या आढाव्याला बोलावण्याची तरतूदही आहे म्हणे, कागदावर. निदान ती तरी हक्काने मागा.